आमची वाटचाल: आयडलिंगची तक्रार आणि आम्ही

आमचं वर्कशॉप सुरू झालं तेव्हा येणाऱ्या बहुतेक गाड्यांना डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी पोचवणारा भाग) आणि सीबी पॉइंट (त्यातला ठिणगीसाठी उघडझाप करणारा स्विच) असायचे. मिळेल ते काम घ्यायचो, पण एक तक्रार सारखी कानावर यायची: गाडी उभी राहिली की आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, थरथरते, मध्येच बंद पडते. त्यावर रूढ इलाज एकच, कार्बोरेटरचा स्क्रू पिळून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वाढवून द्यायचा. गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक मोकळा. ते करायचं नाही असं आम्ही ठरवलं. आमचं नाव झालं ते त्यामुळेच.

आधी तपासायचं ते टॅपेट (व्हॉल्व्हची फट), प्लग, आणि मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ) कुठे बाहेरची हवा ओढतंय का ते. मग पॉइंटचा गॅप, बऱ्याच इंजिनांत ०.४ मिमीच्या आसपास. टायमिंगला, म्हणजे ठिणगी कधी पडते त्याला, हात त्यानंतर (पुढे म्हणजे लवकर, मागे म्हणजे उशिरा), कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. टायमिंग लाईट, म्हणजे ठिणगीबरोबर चमकून टायमिंगची खूण दाखवणारा दिवा, त्याचा चिमटा एक नंबरच्या प्लगवायरला लावायचा आणि इंजिन कंपनीने दिलेल्या आरपीएमवरच ठेवायचं. स्लो (आयडलचा वेग) जास्त असेल तर डिस्ट्रिब्यूटरमधली, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजनं उघडू लागतात आणि लाईटमध्ये दिसणारा आकडा फसवतो. शिवाय डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो. तो एक अंश हलवला की टायमिंग दोन अंशांनी बदलतं. नवख्या पोरांचा हात इथेच जड पडतो.

टायमिंग मागे पडलं असेल आणि थ्रॉटल (हवेची झडप) उघडून ते झाकलं, तर इंजिन चालतं खरं, पण ज्वलन उशिरा होऊन उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. उलट फार पुढे नेलं की स्टार्टरला उलटा झटका बसतो.

पुढे ईसीयू (इंजिन चालवणारे कॉम्प्युटर) आले, डिस्ट्रिब्यूटर गेले. आता टायमिंगचं काम संपलं, असं धंद्यातले जाणते म्हणायचे. आमच्याकडे ते वाढलं. आयडलला ईसीयू टायमिंग मुद्दाम थोडं मागे ठेवतो. आरपीएम पडला की अंश वाढवतो, म्हणजे ठिणगी लवकर पाडतो, चढला की कमी करतो. हवा वाढवून इंजिन सावरायला वेळ लागतो. स्पार्क मात्र पुढच्याच फायरिंगला बदलता येतो. म्हणून लाईट लावल्यावर खूण नाचताना दिसली तर लगेच बिघाड समजू नये. प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू बसवलेले हौशी लोक आयडललाच टायमिंग पूर्ण पुढे नेलेलं मागतात. आम्ही देत नाही. सगळं आधीच देऊन टाकलं, तर एसीचा कॉम्प्रेसर लागताच इंजिनाला सावरायला स्पार्ककडे काही उरत नाही.

आता प्रत्येक गाडी एसी, हेडलाईट आणि रेडिएटरचा पंखा चालू ठेवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून तपासतो. थंड इंजिनाचं आयडल सकाळीच कळतं, म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतो. त्यावर कुरकुर होते, पण तो नियम आम्ही मोडत नाही.