तुला मानधन का पगार?

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. पुढून उघडली की जर्मन क्रियापदं आणि मागून उघडली की नोकरीच्या अर्जांचं पत्रक. डी.एड.ला हजेरीपत्रक आखायला शिकवलं होतं तसंच पट्टी लावून आखलंय: अनुक्रमांक, तारीख, कुठं अर्ज केला, त्यांनी काय मागितलं, काय उत्तर आलं. एकूण ४७ ओळी. ३१ ओळींच्या शेवटच्या रकान्यात 'आबझागे' लिहिलंय, म्हणजे नकार. बारा रकाने कोरे आहेत, कारण तिथून उत्तरच आलं नाही. उरलेल्या चौघांनी बोलावलं.

गेल्या काही महिन्यांत अंबाजोगाई, केज, परळीकडच्या मुलामुलींचे बरेच मेसेज आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून हे वाढलंय. मी राहते ते एसलिंगेन याच राज्यात, स्टुटगार्टला लागून. सगळ्यांचा प्रश्न एकच, "ताई, तिकडं नोकरी लागते का?" लागते. पण मला ती कशी लागली हे सांगायचं तर त्या वहीच्याही मागे जावं लागेल.

मी २०१० साली डी.एड. झाले. आपल्याकडे तेव्हा कशी लाट होती ते आठवत असेल. बारावीला बरे मार्क पडले की घरचे म्हणायचे, डी.एड. कर, दोन वर्षांत मास्तरीण होशील. तालुक्यातालुक्याला कॉलेजं निघाली होती. आम्ही बाहेर पडलो आणि २०१२ ला भरतीच बंद झाली. मग २०१३ च्या डिसेंबरात पहिली टीईटी आली, ती मी पास झाले. २०१७ च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी, तीही दिली. मधल्या काळात एका विनाअनुदानित शाळेत महिना तीन हजारांवर शिकवलं. तिथल्या एका संचालकानं कायम करायला किती लाख लागतील ते चहा पाजून सांगितलं. वडिलांनी त्या रात्री दोन एकर विकायचा विषय काढला आणि आईनं जेवणाचं ताट बाजूला सारून "नाही" म्हटलं. आमच्या घरात आईनं एवढ्या ठामपणे नाही म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

आई गावातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. माझ्या आठवणीत ती कायम अंगणवाडीचीच आहे: सकाळी झाडलोट, लेकरांना घरोघरून गोळा करणं, खिचडी, वजनकाटा. ह्या गोष्टीला घरात कोणी नोकरी म्हणत नव्हतं. "अंगणवाडीत जाती" एवढंच म्हणायचे. खरं सांगते, मीही म्हणत नव्हते. मला 'खरी' शिक्षिका व्हायचं होतं, फळ्यासमोर उभं राहून.

लग्न झालं, वाळूजला आलो. ह्यांना २०१९ मध्ये इकडं काम मिळालं. आम्ही बॅगा भरत होतो त्याच दिवसांत शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची यादी लागली. माझं नाव नव्हतं. विमानात बसताना वाटलं, चला, आता निदान वाट तरी बघायची नाही.

ह्यांचा व्हिसा ब्लू कार्डचा, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळतो तो. त्यामुळे बायको म्हणून मला भाषेची परीक्षा न देता येता आलं, आणि आल्या दिवसापासून नोकरी करायची मुभाही मिळाली. कागदावर हे फार मोठं आहे, आणि ज्यांचे नवरे किंवा बायका ब्लू कार्डवर येणार आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं. पण मुभा असणं आणि कामावर घेणारं कोणी असणं यांत तीन वर्षं गेली.

सुरुवातीला मी शाळांनाच अर्ज केले. माझं डी.एड. इथल्या शिक्षकाच्या बरोबरीचं धरलं जात नाही, हे कळायला अर्धं वर्ष लागलं. इथं शिक्षक व्हायला विद्यापीठात साधारणपणे दोन विषय घेऊन पदवी लागते आणि त्यानंतर शाळेत दीडेक वर्षाची उमेदवारी. कागद तपासणाऱ्या कार्यालयाचं पत्र आलं ते चार पानी होतं. शब्दकोश घेऊन बसले. तिसऱ्या पानावर समजलं की पत्र नकाराचं आहे, तरी चौथं पान पूर्ण वाचलं. मला वाटत होतं शेवटी काहीतरी 'परंतु' असेल.

त्या हिवाळ्यात मी फार खचले. दुपारी साडेचारला अंधार पडायचा. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, गावाकडून शिवारातल्या कोपीचे, भज्जीचे, आंबिलीचे फोटो आले आणि मी फोन उपडा ठेवून दिला. ह्यांनी कधी "घरी बस" म्हटलं नाही. पण कोणी "तुम्ही काय करता?" विचारलं की माझं उत्तर रोज थोडं लहान होत गेलं. नोकरी शोधणाऱ्या माणसाला पैशाइतकीच ही गोष्ट खाते, हे मी आपल्या गावाकडच्या एमपीएससी करणाऱ्या पोरांकडे बघून आता ओळखते.

भाषेनं हात दिला. इंटिग्रेशन कोर्स म्हणजे ६०० तास भाषा आणि वर १०० तास इथला इतिहास, कायदा, समाज. माझ्या वर्गात सीरियाची एक दंतवैद्य होती, युक्रेनची बँकेतली बाई नंतर आली, तुर्कस्तानचा एक वकील होता. सगळे आपापल्या देशात कोणीतरी होते आणि इथं 'माझं नाव अमुक, मी तमुक गावात राहतो' पासून शिकत होते. आमच्या मास्तरीणबाईंनी एकदा मला विचारलं, "तुला मुलांबरोबर काम करायचंय की शाळेत?" मी म्हटलं, दोन्ही एकच की. त्या म्हणाल्या, नाही.

त्यांनीच किटाचं सुचवलं. किटा म्हणजे शाळेआधीच्या लेकरांची जागा, अगदी एक वर्षापासूनची. ऑगस्ट २०१३ पासून इथं वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक लेकराला अशी जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. हक्क दिला, पण माणसं कुठून आणणार? म्हणून शिकलेल्या माणसांची कायम टंचाई. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आत काहीतरी दुखलं. म्हणजे अंगणवाडी! डी.एड. केलं, टीईटी केली, सातासमुद्रापार आले, आणि अंगणवाडी. गावाकडे कळलं तेव्हा एक जवळच्या काकू म्हणाल्याच, "एवढ्या लांब जाऊन लेकरंच सांभाळायलीस व्हय गं?"

तरी अर्ज सुरू केले. ज्यांनी बोलावलं त्यातल्या एका किटात मुलाखत झाली नाही, 'होस्पिटात्सिओन' झालं. म्हणजे एक पूर्ण दिवस त्यांच्यात जाऊन बसायचं, ते तुम्हाला बघणार, तुम्ही त्यांना. मी कोपऱ्यात मळलेल्या मातीच्या टेबलाशी बसले. हाताला चाळा म्हणून पोळ्याला करतो तसा बैल केला: आधी लांबट गोळा, मग चिमटीनं वशिंड वर काढायचं, शिंगं शेवटी, कारण आधी केली तर गळून पडतात. एक चार वर्षांची पोरगी येऊन उभी राहिली. तिनं वशिंडावर बोट ठेवून विचारलं, हे काय? मला जर्मनमध्ये वशिंडाला शब्द येत नव्हता. मी माझ्या खांद्यावर मूठ ठेवून दाखवली. तिनं स्वतःच्या खांद्यावर ठेवली. पाच मिनिटांत सहा लेकरं खांद्यावर मुठी ठेवून फिरत होती, आणि टेबलावर पाच पायांचे, तीन शिंगांचे बैल उभे राहिले. मला त्या दिवशी पहिल्यांदा या देशात आपण कामाचे आहोत असं वाटलं.

त्या किटाचा नकार अकरा दिवसांनी आला. भाषा बी-वन पायरीची आहे, तिच्या वरची बी-टू हवी. वहीतली ती ३८ वी ओळ. मी त्या संध्याकाळी नेकार नदीच्या काठानं बरंच चालले आणि रडले.

नोकरी मिळाली ती भलत्याच दारानं. इथं 'बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट' नावाची सरकारी स्वयंसेवा आहे, २०११ पासूनची. वयाची वरची अट नाही. वर्षभर एखाद्या संस्थेत काम करायचं, पगार नाही, खिशाखर्ची मिळते. मला महिन्याला ३५० युरो मिळाले. मी तिशी ओलांडलेली, आणि माझ्यासोबतची पोरं अठरा-एकोणीसची. त्यांना कॉलेजआधी एक वर्ष घालवायचं होतं, मला एक दार उघडायचं होतं.

तिथंही कागद आलेच. त्यातला एक सांगते, कारण तुम्हाला उपयोगी पडेल. मार्च २०२० पासून इथं किटात, शाळेत, दवाखान्यात काम करायला गोवरापासून संरक्षण असल्याचा पुरावा लागतो. माझा जन्म १९९० चा, आणि लसीचं कार्ड आईनं पेटीत ठेवलेलं, ते वाळवीनं खाल्लेलं. शेवटी रक्त तपासून दाखवता येतं असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते निघालं. तुमची लहानपणची लसीची कार्डं असतील तर आजच फोटो काढून ठेवा. दहावी-बारावीच्या मार्कमेमोइतकीच ती जपायची वस्तू आहे.

वर्ष संपता संपता मी बी-टू झाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नगरपालिकेच्या किटात तीन वर्षांच्या शिक्षणाला लागले. याला 'पिया' म्हणतात. आठवड्यातले काही दिवस शाळा, बाकी दिवस किटात काम, आणि पहिल्या दिवसापासून पगार. पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे १,१९० युरो, कपातीच्या आधीचे. मोठी रक्कम नाही, एकट्यानं घरभाडं भरून जगायचं तर ओढाताण होते. पण शिकताना पगार, त्यावर आरोग्य विमा, पेन्शनची कपात, भरपगारी रजा. मी आईला फोनवर हे सांगत होते. ती बराच वेळ ऐकून म्हणाली, "तुला मानधन का पगार?"

मी म्हटलं, पगार.

"लिहिलेलं हाय का तसं?"

मी पगारपत्रकाचा फोटो पाठवला. तिला जर्मन कळत नाही, पण तिनं आकडे बघितले, कपातीच्या ओळी मोजल्या, आणि कोणती ओळ कशाची ते एक एक विचारून घेतलं. पेन्शनच्या ओळीपाशी ती थांबली.

ज्यांच्या घरात अंगणवाडीचं कोणी नाही त्यांना हा प्रश्न कळणार नाही म्हणून सांगते. १९७५ पासून अंगणवाडीची योजना चालू आहे, पण सेविका आणि मदतनीस या सरकारी कर्मचारी नाहीत, मानसेवी आहेत. त्यांना मिळतं ते मानधन. ग्रॅच्युइटीचा कायदा त्यांना लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभर संप झाला तेव्हा आईही बीडला जिल्हा परिषदेसमोर जाऊन बसली होती, साठीला टेकलेली बाई, स्वेटरवर पदर घेऊन. त्याच आठवड्यात मी इथं वर्गात बालशिक्षणावर निबंध लिहीत होते आणि त्याचे तास माझ्या पगारात धरले जात होते. मला तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही. इकडंही संप होतात, २०१५ मध्ये किटाच्या बाया चार आठवडे संपावर होत्या. पण त्या पगार वाढवा म्हणून भांडल्या. आमची आई अजून, याला नोकरी म्हणा, म्हणून भांडतीय.

ज्यांनी विचारलंय त्यांना एवढं सांगते. एजंटला लाखभर देण्याआधी ते पैसे भाषेवर घाला, छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला राहून बी-वनपर्यंत तरी शिका, जमलं तर बी-टू. तुमची पदवी इथं काय मोजली जाते ते आधी तपासा, आल्यावर नाही. आणि ठरवलेलं काम मिळालं नाही तर शेजारचं काम कोणतं, याचा विचार गावाकडेच करून ठेवा. मला तो विचार करायला तीन हिवाळे लागले, कारण शेजारचं काम माझ्या आईचं होतं.

या उन्हाळ्यात माझी परीक्षा झाली. आता मी शिकलेली 'एर्त्सीहरिन', म्हणजे किटातली शिक्षिका आहे, माझ्या गटात तीन वर्षांखालची दहा लेकरं. नवीन लेकरू आलं की त्याला रुळवायची इथं एक ठरलेली पद्धत आहे, तिच्यावर आम्हाला अख्खं सत्र होतं. पहिले तीन दिवस आई किंवा बाप लेकरासोबत खोलीतच बसून राहतो, सोडून जायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. चौथ्या दिवशी आई थोडा वेळ बाहेर जाते आणि आम्ही बघतो की लेकरू आमच्याकडून शांत होतं का. नाही झालं तर घाई नाही, पुन्हा आई आत. बर्लिनच्या अभ्यासकांनी बांधलेली पद्धत आहे ही. मी आईला मोठ्या उत्साहानं सांगितली.

"मंग आम्ही काय करतो?" ती म्हणाली. "नवं लेकरू रडायलं की त्याच्या मायीला दाराशी बसवायचं. हातात सूप द्यायचं, खिचडीचे तांदूळ निवडायला. लेकराला माय दिसती, मायीचा हात कामात. दोन-तीन दिसानं सूप भिताडाच्या पल्याड न्यायचं. आवाज येतो, माय दिसत न्हाई."

मी विचारलं, हे कोणी शिकवलं तुला?

"कोण शिकवील? लेकरं बघून कळतं."

मी वही मागून उघडली, ४७ व्या ओळीच्या खाली कोरी जागा होती, आणि तिला म्हटलं, पुन्हा सांग, हळू सांग, मी लिहून घेते.