शीतगृहातले तिघे

बुधवार, रात्री उशिरा

'दिस हीट' या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम आज सलग ऐकला. सुरुवातीचा आवाज इतका बारीक की हात आपसूक व्हॉल्यूम वाढवायला जातो, आणि तेवढ्यात 'हॉरिझाँटल होल्ड' हा ट्रॅक अंगावर येतो. माहीत असूनही दचकायला होतं.

चार्ल्स हेवर्ड, चार्ल्स बुलन आणि गॅरेथ विल्यम्स. १९७६ साली लंडनमध्ये जमलेले तिघे. ब्रिक्स्टनला एका बंद पडलेल्या कारखान्यातली, पूर्वी मांस साठवायची शीतखोली त्यांना मिळाली. तिथेच तालीम, तिथेच रेकॉर्डिंग. पहिला अल्बम यायला १९७९ उजाडलं, आणि तो वेळ ऐकू येतो. वाजवायचं, टेपवर घ्यायचं, टेप कापायची, जोडायची, त्यावर पुन्हा वाजवायचं. 'ट्वेंटी फोर ट्रॅक लूप'मध्ये ड्रम्सचा एक तुकडा गोल फिरत राहतो; तोच टेपच्या चोवीस पट्ट्यांवर पसरून, हार्मोनायझर नावाच्या यंत्राने त्याचे सूर वरखाली करत मिक्स केलेला. कॉम्प्युटर नाही, सँपलर नाही. नव्वदच्या दशकात ड्रम अँड बेस हे वेगवान तालांचं नृत्यसंगीत आलं तेव्हा लोकांना हा ट्रॅक आठवला, यात नवल नाही.

विल्यम्सला रूढ अर्थाने वाद्य वाजवता येत नव्हतं. त्याला कान होता. कुठला आवाज कशाशेजारी ठेवला की जागा हादरेल, हे कळणारा माणूस बँडमध्ये वादकाच्या बरोबरीने असू शकतो, हे मला फार मोठं वाटतं.

बरंचसं डार्क अँबियंट, म्हणजे अंधारं वातावरण उभं करणारं संगीत, ऐकताना मला नुसतं वातावरण मिळतं: धुकं, खर्ज, लांबलेला घुमारा. यांचा अंधार मात्र कशाचा तरी आहे. दुसरा अल्बम, 'डिसीट', १९८१चा. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिश सरकारने अणुहल्ल्यात घरी कसं वाचायचं याची पुस्तिका काढली होती: दारं बिजागऱ्यांवरून काढा, भिंतीला तिरकी टेकवा, आत बसा. अशा सूचना गंभीरपणे छापल्या जात असताना या माणसांनी गाणी केली. 'इंडिपेंडन्स'चे शब्द तर अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले, आणि ते ज्या संथ, सपाट सुरात म्हटलेत त्याने त्या थोर वाक्यांवरचा विश्वासच डळमळतो. घोषणा न देता इतकं राजकीय संगीत मी फारसं ऐकलेलं नाही.

त्यानंतर विल्यम्स बँड सोडून थेट केरळात कथकली शिकायला आला. लंडनच्या शीतखोलीतून कथकलीतल्या चेंडा या ढोलाच्या नादापर्यंत! मला ही उडी अजिबात विचित्र वाटत नाही. आवाजाच्या मागे जाणारा माणूस तो, गेला. २००१मध्ये कर्करोगाने वारला.

२०१६ला हेवर्ड आणि बुलन इतर वादकांना घेऊन ती गाणी पुन्हा वाजवायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी नाव घेतलं 'दिस इज नॉट दिस हीट'. तिसरा नाही, तर ते नावही नाही. त्यांच्याबद्दलचा माझा आदर यामुळे वाढला. उद्या त्यांची १९७७मधली, बीबीसी रेडिओवरच्या जॉन पीलच्या कार्यक्रमासाठीची रेकॉर्डिंग्ज ऐकायची आहेत.