राहिलेले ४८ सेकंद

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला, तेव्हापासून प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या दोन कर्णधारांची नावे बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातल्या घरात रोज ऐकू येऊ लागली. माझी बारा वर्षांची लेक खो-खो खेळते. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्याच्या वेशीवरच्या एका मैदानावर चौदा वर्षांखालील मुलींची स्पर्धा भरणार असल्याचे कळले आणि तिला शिकवणाऱ्या ताईंनी संघाचे नाव दिले. व्यवस्थापक म्हणून मी सोबत जायचे ठरले. प्रवेश शुल्काचे १,२०० रुपये, बाराही मुलींचे जन्मदाखले, आधार कार्डाच्या प्रती आणि शाळांची प्रमाणपत्रे जमवण्यात माझा पूर्ण आठवडा गेला. स्पर्धेच्या दिवशी मात्र ती फाईल कोणी उघडूनही पाहिली नाही.

सकाळी सात वाजता हजर राहण्याची सूचना होती. आम्ही पावणेसातला पोहोचलो, तेव्हा चुन्याच्या रेषा आखणे सुरू होते, आणि तेही मोजपट्टी न लावता, दोरी ताणून अंदाजाने. सामन्यांचा क्रम कुठेही लावलेला नव्हता. विचारायला गेले की "बेन, थोडी वार बेसो, हमणां ज चालू करीए छीए," एवढेच उत्तर मिळे. आमचा सामना अखेर पावणेबाराला सुरू झाला. तोपर्यंत मुली एका कडुनिंबाच्या सावलीत पाळीपाळीने बसत होत्या. पाण्याचा एकच जार होता आणि मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हते, म्हणून काही जणींनी पाणी पिणेच टाळले. मे महिन्यातल्या बडोद्याच्या उन्हात याचा काय परिणाम होऊ शकतो, हे वेगळे सांगायला नको.

खांबांची स्थिती पाहून ताई अस्वस्थ झाल्या. खो-खोत खांबाला वळसा घालून दिशा बदलायची असते आणि खांबाजवळचा गडी टिपण्यासाठी त्यावर सूर मारायचा असतो, म्हणून खांब घट्ट रोवलेला आणि गुळगुळीत असावा लागतो. तिथे रोवलेले बांबू हाताने हलत होते आणि त्यांच्या गाठी तासलेल्याही नव्हत्या. ताईंनी आमच्या मुलींना खांबावर सूर मारण्यास मनाई केली. म्हणजे वर्षभर घटवलेले एक कौशल्य आम्ही मैदानाबाहेरच ठेवून खेळायला उतरलो.

सर्वांत मोठी हेळसांड वेळेची झाली, आणि मला त्याचेच सर्वाधिक दुःख आहे. या खेळात दोन पंच, एक सरपंच म्हणजे मुख्य पंच, एक वेळाधिकारी आणि एक गुणलेखक असतात; तिथे हे सगळे काम तिघे जण करत होते. वेळ मोबाइलवर मोजली जात होती. पत्रकात प्रत्येक पाळी सात मिनिटांची छापली होती. शेवटच्या, म्हणजे चौथ्या पाळीत आक्रमण आमचे होते, बरोबरीला पाच आणि विजयाला सहा गडी हवे होते. चार बाद झाले होते आणि माझी लेक पाचव्या मुलीच्या मागे दोन खांबांमधल्या मध्यपाटीच्या कडेने धावत होती, एवढ्यात शिट्टी झाली. वेळ पाहणाऱ्या गृहस्थांना मधेच फोन आला होता आणि त्यांनी तो घेतला होता, हे आम्ही सर्वांनीच पाहिले. एका वडिलांनी केलेल्या चित्रणात ती पाळी ६ मिनिटे १२ सेकंदांची भरली. समोरच्या संघातल्या मुलींचा यात काही दोष नव्हता. त्या उत्तम खेळल्या.

मी जागेवरच लेखी हरकत नोंदवली. त्यासाठी ५०० रुपये मागितले गेले, ते भरले, पण पावती मिळाली नाही, म्हणून अर्जाचे छायाचित्र काढून ठेवले. सरपंच जेवायला गेले होते. ते परतले तेव्हा उपांत्य फेरी सुरू झालेली होती. चित्रण पाहायला त्यांनी नकार दिला नाही, पण आता क्रम बदलता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. हरकतीचा निर्णय लागेपर्यंत पुढचा सामना थांबवणे हे त्यांचेच काम होते, असे माझे मत आहे. नंतर स्पीड पोस्टाने पाठवलेल्या माझ्या पत्राला तीन आठवड्यांनी उत्तर म्हणून ५०० रुपये परत आले. निर्णय आला नाही.

हे बडोद्यात घडावे, याचे मला अधिक वाईट वाटते. याच शहरात व्यायामगुरू माणिकरावांच्या आखाड्याने पिढ्या घडवल्या, आणि हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली हुतुतूचे, म्हणजे कबड्डीचे नियम शब्दांत बांधले. खेळ नियमाने खेळावा, ही शिकवण इथल्या मराठी घरांना बाहेरून आणावी लागली नव्हती.

गुणपत्रिकेत मुलींच्या वैयक्तिक संरक्षणाच्या वेळांचे, म्हणजे कोण किती वेळ बाद न होता टिकली याचे रकाने कोरेच होते, आणि निवड करणारे तर तेच आधी पाहतात. ताईंनी ते चित्रण पुन्हा पुन्हा थांबवून प्रत्येक मुलीची वेळ मोजली आणि आपल्या वर्गाच्या वहीत लिहिली. माझ्या लेकीच्या नावापुढे १ मिनिट ५० सेकंद असे आहे. त्याखाली तिने स्वतः पेन्सिलीने लिहिले आहे: चौथी पाळी, ४८ सेकंद बाकी.