डिस्कवर आवाज कोणाचा?

जुने-नवे पिक्चर ब्ल्यू-रे डिस्कवर काढणाऱ्या छोट्या लेबल्सबद्दल (म्हणजे कंपन्यांबद्दल) मला खरंच प्रेम आहे, म्हणूनच हे लिहितेय. ज्या माणसावर बायकांनी छळाचे, गैरवर्तनाचे आरोप केलेत, त्यालाच पुन्हा नवीन कॉमेंट्रीचं, म्हणजे पिक्चर चालू असताना त्यावर बोलून माहिती देण्याचं काम द्यायचं, आणि कोणी विचारलं की गप्प बसायचं किंवा कमेंट्स डिलीट करायच्या, हे मला अजिबात पटत नाही.

१९८४ साली क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने 'किंग काँग'च्या लेसरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क) चित्रपट-अभ्यासक रोनाल्ड हेव्हरची कॉमेंट्री दिली, तेव्हापासून कॉमेंट्रीचा हा प्रकार सुरू झाला आणि आता तर पिक्चर स्ट्रीमिंगवर असला तरी लोक डिस्क घेतात ते याच एक्स्ट्रासाठी, कॉमेंट्री, व्हिडिओ एसे (पिक्चरवरचा व्हिडिओ-लेख), सोबतच्या बुकलेटमधला लेख. म्हणजे त्या माणसाचं नाव बॉक्सच्या मागे छापतात ते विकायलाच ना?

जुनी रेकॉर्डिंग असेल, आधीच्या आवृत्तीतून आलेली, तर मी समजू शकते. पण नवीन काम देणं हा आज घेतलेला निर्णय आहे. आरोप म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही, मान्य, पण हे काम फ्रीलान्स असतं, ते कोणालाच हक्काने मिळत नाही, आणि चांगलं लिहिणाऱ्या बोलणाऱ्या कितीतरी जणी पहिल्या संधीची वाट बघतायत.

आणि पिक्चरवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांचं हे वर्तुळ इतकं लहान आहे की तक्रार करणारी बाईसुद्धा बरेचदा त्याच क्षेत्रातली असते. तिने त्याच्याच शेजारी बुकलेटमध्ये लेख लिहायचा का? बहुतेक वेळा तीच बाजूला होते, आणि त्याबद्दल कुठे एक ओळही छापून येत नाही.