आरोग्यविज्ञान विद्याशाखेच्या बातम्या आणि कार्यक्रम : एका वर्षाच्या जबाबदारीचा माझा अनुभव

आमच्या विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान विद्याशाखेत वैद्यकशास्त्र, परिचर्या (नर्सिंग), फिजिओथेरपी, औषधनिर्माणशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य हे विभाग एकत्र येतात. या सर्व विभागांच्या बातम्या आणि आगामी कार्यक्रम संकलित करून प्रसिद्ध करण्याचे काम एका शैक्षणिक वर्षापुरते माझ्याकडे सोपवण्यात आले. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. अध्यापनाच्या जोडीला करायचे हे काम मुख्यतः संपादनाचे असेल, अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात विद्याशाखेने बाहेरच्या जगाला सांगितलेले प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी औषधाशी, तपासणीशी किंवा काळजीशी जोडलेले असते, आणि म्हणून शोधनिबंधाला जी शिस्त लागते तीच बातमीलाही लागते, हे या वर्षात मला पदोपदी जाणवले.

विभागांकडून येणाऱ्या मजकुराचे स्वरूप ठरलेले असते. नियुक्त्या, पुरस्कार, संशोधन अनुदाने आणि परीक्षांचे निकाल यांत फार विचार करण्यासारखे काही नसते. नावे, पदे आणि तारखा मूळ कागदाशी ताडून पाहिल्या की काम संपते. खरा वेळ जातो तो दोन गोष्टींत : संशोधनाची बातमी सामान्य वाचकापर्यंत पोहोचवण्यात, आणि लोकांसाठी खुल्या असलेल्या कार्यक्रमांच्या आखणीत.

कार्यक्रमांची वार्षिक दिनदर्शिका हे पहिले काम होते. आरोग्याच्या क्षेत्रात जागतिक दिनांची कमतरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेची घटना ज्या दिवशी अमलात आली तो ७ एप्रिल, रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाच्या जिवाणूचा शोध जाहीर केला तो २४ मार्च, आधुनिक परिचर्येच्या प्रणेत्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस म्हणून १२ मे, इन्सुलिनच्या शोधात वाटा असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस म्हणून १४ नोव्हेंबर, तसेच २०१९ पासून पाळला जाणारा १७ सप्टेंबरचा रुग्णसुरक्षा दिन. प्रत्येक विभागाला आपापला दिवस साजरा व्हावा असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही, ज्या विषयावर त्या वर्षी आमच्याकडे सांगण्यासारखे काही काम झालेले असेल त्याच दिवशी जाहीर कार्यक्रम घ्यावा आणि इतर दिवशी लहानशी नोंद पुरेशी मानावी, असा आग्रह मी धरला. केवळ फलक लावून आणि दीपप्रज्वलन करून संपणाऱ्या कार्यक्रमातून श्रोत्याला काहीच मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

५ मे या तारखेवर मात्र दोन विभागांचा हक्क होता, कारण हातांच्या स्वच्छतेचा जागतिक दिन आणि प्रसाविकांचा (प्रशिक्षित सुईणींचा) आंतरराष्ट्रीय दिन एकाच दिवशी येतात. सूक्ष्मजीवशास्त्र आणि परिचर्या या दोन्ही विभागांनी सभागृह मागितले होते. चर्चेत हात धुण्याचे महत्त्व दाखवून देणारे डॉक्टर इग्नाझ झेमेलवाइस यांचा विषय निघाला आणि प्रश्न आपोआप सुटला. १८४७ साली ते काम करत असलेल्या व्हिएन्नाच्या रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. एकात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी काम करत आणि दुसऱ्यात प्रसाविका. डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वराने (प्रसूतीनंतरच्या संसर्गाने येणाऱ्या तापाने) होणारे मातामृत्यू बरेच अधिक होते, कारण विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत. झेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केल्यावर तेथील मृत्यूंचे प्रमाण एप्रिलमधील सुमारे १८ टक्क्यांवरून जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. दोन्ही विभागांचा संयुक्त कार्यक्रम याच इतिहासावर उभा राहिला. वर्षभरातील सर्वांत अर्थपूर्ण कार्यक्रम मी त्यालाच मानते.

आता संशोधनाच्या बातमीविषयी. एका विभागाचा निरीक्षणात्मक अभ्यास (ज्यात संशोधक काही बदल न घडवता फक्त नोंदी घेतात) नियतकालिकाने स्वीकारला होता आणि त्यावर प्रसिद्धीपत्रक हवे होते. अभ्यासात दैनंदिन शारीरिक हालचाल आणि झोपेची प्रत यांतील संबंध पाहिला होता. विभागाने पाठवलेल्या मसुद्याचे शीर्षक असे होते की, चालण्याने झोप सुधारते. निरीक्षणात्मक अभ्यासातून एवढे म्हणता येत नाही. जे अधिक चालत होते त्यांची झोप चांगली आढळली, इतकेच त्यातून सिद्ध होते. ज्यांना झोप चांगली लागते तेच दिवसा अधिक चालत असतील, किंवा वय, आजार आणि कामाचे स्वरूप यांमुळे दोन्ही गोष्टी एकत्र बदलत असतील, या शक्यता शिल्लक राहतात. मुख्य संशोधकांनी हे शोधनिबंधात नीट लिहिले होते. बातमीच्या मसुद्यात मात्र ती मर्यादा गळून गेली होती, आणि ती परत आणणे हे माझे काम होते.

या मुद्द्यावर विभागाशी बोलताना मला एका प्रसिद्ध अभ्यासाचा मोठा आधार मिळाला. ब्रिटनमधील २० विद्यापीठांनी २०११ साली काढलेली आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धीपत्रके मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहणारा हा अभ्यास २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. ४० टक्के पत्रकांत वाचकाला दिलेला सल्ला मूळ शोधनिबंधाहून अतिशयोक्त होता, ३३ टक्क्यांत कार्यकारणभावाचा दावा वाढवून केला होता, आणि प्राण्यांवरील संशोधनाविषयीच्या ३६ टक्के पत्रकांत माणसांबाबतचा निष्कर्ष ताणलेला होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पत्रकात अतिशयोक्ती असेल तर वृत्तपत्रातील बातमीतही ती असण्याची शक्यता कितीतरी वाढत होती. वृत्तपत्रे आरोग्याच्या बातम्या भडक करतात ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. पण त्या भडकपणाचा बराचसा भाग विद्यापीठातूनच बाहेर पडतो, हे त्या आकड्यांवरून दिसते. ही माहिती समोर ठेवल्यावर शीर्षक बदलण्यास विभागाने तत्काळ संमती दिली.

पुढचा प्रश्न आकडे मांडण्याचा होता. धोका दुप्पट झाला किंवा निम्म्यावर आला, असे म्हटले की वाचकाच्या मनात मोठा फरक उभा राहतो, पण मुळात तो धोका किती होता हे कळल्याशिवाय त्या विधानाला अर्थ नसतो. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये, काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो, असा इशारा देण्यात आला. प्रत्यक्षात तो धोका सुमारे ७,००० स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर गेला होता. घाबरून अनेक स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या आणि त्यानंतरच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० अधिक गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही अधिक असतो, हे लक्षात घेतले की या इशाऱ्याच्या मांडणीने किती हानी झाली ते समजते. म्हणूनच आमच्या प्रत्येक पत्रकात, शेकडा किंवा हजार माणसांमागे किती, ही मूळ संख्या तुलनेच्या आकड्याआधी द्यायची, असा नियम आम्ही लेखी स्वरूपात केला. अभ्यासात किती व्यक्ती होत्या, किती काळ त्यांचे निरीक्षण झाले, निधी कोठून आला आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, या गोष्टींनाही पत्रकात जागा ठेवली.

नियतकालिकाचा एम्बार्गोही पाळावा लागतो. शोधनिबंध प्रसिद्ध होण्याच्या ठरलेल्या क्षणापूर्वी बातमी बाहेर जाऊ नये, अशी ही अट असते. पत्रकारांना आधी मजकूर देऊन नीट समजून घेण्यास वेळ मिळावा आणि सर्वांनी एकाच वेळी तो छापावा, हा तिचा हेतू. विभागप्रमुखांना, विद्यार्थ्यांना आणि छायाचित्रकारालाही हे समजावून सांगावे लागते, कारण उत्साहाने समाजमाध्यमावर टाकलेल्या एका छायाचित्रानेही अट मोडू शकते.

छायाचित्रांच्या बाबतीत मी सर्वांत कठोर राहिले. शिबिरात तपासणी करून घेणारी व्यक्ती, रुग्णशय्येजवळ उभा असलेला विद्यार्थिगट, मागे दिसणारा रुग्णनोंदीचा कागद : अशी छायाचित्रे बातमीला जिवंतपणा देतात, परंतु उपचारासाठी दिलेली संमती प्रसिद्धीसाठी चालत नाही. प्रसिद्धीसाठी वेगळी लेखी संमती घ्यावी, छायाचित्र कोठे आणि किती काळ वापरले जाईल हे सांगावे, आणि नकार दिल्याने उपचारात काहीही फरक पडणार नाही याची खात्री द्यावी, अशी पद्धत आम्ही ठरवली. डोळ्यांवर काळी पट्टी लावल्याने ओळख लपत नाही, हेही अनेकांना सांगावे लागले. रुग्णांऐवजी एकमेकांवर सराव करणाऱ्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे त्यांच्या संमतीने वापरली, तर बहुतेक वेळा काहीच अडत नाही.

विद्याशाखेचा खुला दिन हा वर्षातील सर्वांत मोठा कार्यक्रम. त्यात मोफत तपासण्यांचे कक्ष असावेत ही मागणी सर्वच विभागांची होती, कारण अशा कक्षांपुढे गर्दी होते. येथे मी जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली प्रसिद्ध केलेले विल्सन आणि युंगनर यांचे चाळणी तपासणीचे (लक्षणे नसलेल्या लोकांत आजार शोधण्याच्या तपासणीचे) निकष बैठकीत मांडले. आजार महत्त्वाचा असावा, त्याची लवकर ओळखता येण्याजोगी अवस्था असावी, चाचणी योग्य व लोकांना मान्य होणारी असावी, आणि आजार आढळल्यास निदान व उपचारांची सोय उपलब्ध असावी, ही त्यांतील काही सूत्रे आहेत. एखाद्याला काहीतरी आढळले असे सांगून घरी पाठवायचे आणि पुढे काय करायचे ते सांगायचे नाही, यापेक्षा तपासणी न करणे बरे. या कसोटीवर काही प्रस्ताव मागे पडले आणि रक्तदाबाचा कक्ष टिकला.

तोही साधा नव्हता. रक्तदाब मोजण्यापूर्वी व्यक्तीने सुमारे पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाठीला आधार आणि पाय जमिनीवर असावेत, दंड हृदयाच्या पातळीत असावा, यंत्राचा पट्टा दंडाच्या मापाचा असावा आणि मोजमाप चालू असताना बोलू नये. गर्दीच्या मैदानात, रांगेत उभे राहून आलेल्या माणसाचा रक्तदाब लगेच घेतला तर मिळणारा आकडा दिशाभूल करू शकतो. म्हणून कक्ष मुख्य मंडपापासून दूर, शांत वर्गात हलवला आणि बसण्याच्या जागा वाढवल्या. १४०/९० किंवा त्याहून अधिक नोंद आल्यास काही वेळाने पुन्हा मोजायचे. एका दिवसाच्या नोंदीवरून उच्च रक्तदाबाचे निदान होत नाही हे सांगायचे. आणि आकडा लिहिलेले कार्ड देऊन पुढील तपासणी कोठे करावी ते समजवायचे, अशी तयारी परिचर्येच्या विद्यार्थ्यांकडून करून घेतली. नोंद फारच अधिक असेल किंवा छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे अशी लक्षणे असतील, तर थेट आकस्मिक विभागात नेण्यासाठी एक डॉक्टर त्या वर्गातच बसलेला होता.

प्रायोजकत्वाचा विषय अवघड होता. औषधे आणि उपकरणे बनवणाऱ्यांकडून मदतीचे प्रस्ताव येतात आणि निधीची गरजही खरी असते. तरीही वक्ते आणि विषय यांची निवड पूर्णपणे विद्याशाखेकडेच राहील, प्रत्येक वक्ता आपले आर्थिक हितसंबंध पहिल्याच पारदर्शिकेवर जाहीर करील आणि व्याख्यानाच्या दालनात कोणत्याही उत्पादनाची जाहिरात नसेल, या अटी लेखी मान्य झाल्याखेरीज मी कोणताही प्रस्ताव अधिष्ठात्यांपुढे ठेवला नाही. काही प्रस्ताव त्यामुळे परत गेले आणि भोजनाची व्यवस्था साधी ठेवावी लागली. मला त्याचे वाईट वाटले नाही.

सार्वजनिक व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत श्रोते स्वतःच्या आजाराविषयी विचारतात, आणि ते विचारणारच. सर्वांसमोर आपले अहवाल वाचून दाखवणाऱ्या श्रोत्याला थांबवणे वक्त्याला जड जाते. म्हणून सुरुवातीलाच सूत्रसंचालकाने नम्रपणे सांगावे की येथे वैयक्तिक सल्ला देता येणार नाही, आणि प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेतले जावेत, अशी योजना केली. चिठ्ठ्यांमुळे बोलायला संकोचणाऱ्या स्त्रियांचे आणि वृद्धांचेही प्रश्न पुढे आले. रजोनिवृत्ती, मूत्रावर ताबा न राहणे, नैराश्य या विषयांवर उघडपणे कोणी बोलत नाही. चिठ्ठ्यांत मात्र ते सर्वाधिक होते, आणि पुढील वर्षाच्या व्याख्यानमालेचे विषय आम्ही त्यांतूनच निवडले. सभागृहात चाकाच्या खुर्चीसाठी उतार, ऐकू कमी येणाऱ्यांसाठी पडद्यावर मजकूर आणि पुढच्या रांगेत राखीव जागा यांची माहिती निमंत्रणातच दिली, कारण ती आगाऊ ठाऊक नसेल तर ज्यांना गरज आहे ते येतच नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर त्याची सूचना काढून टाकणे आणि जुनी बातमी अद्ययावत ठेवणे हेही त्याच कामात मोडते. एखाद्या शोधनिबंधात पुढे दुरुस्ती झाली तर आमच्या बातमीतही ती दिनांकासह दिसली पाहिजे, केवळ मजकूर गुपचूप बदलणे योग्य नाही. वर्षअखेरीस जबाबदारी दुसऱ्या सहकाऱ्याकडे देताना पत्रकाचा नमुना, संमतिपत्र, प्रायोजकत्वाच्या अटी आणि तपासणी कक्षाची कार्यपद्धती एकत्र बांधून दिली. पुढच्या खुल्या दिनात श्रवणचाचणीचा कक्ष असावा असा प्रस्ताव आला आहे; आवाजबंद खोली आणि पुढील उपचारांची सोय या दोन गोष्टींची पूर्तता झाली, तर तो मान्य करावा अशी शिफारस मी त्या कागदांसोबत जोडली आहे.