खिडकीतले शिसे आणि अनुदानाचा अर्ज

मुलगा वर्षाचा झाला तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्याच्या नियमाप्रमाणे त्याचे रक्त तपासले गेले आणि एका डेसिलिटरमागे ७ मायक्रोग्रॅम शिसे निघाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ पासून ३.५ हे संदर्भमूल्य, म्हणजे ज्यावरचा आकडा जास्त समजतात ती पातळी, धरले आहे. आमचा आकडा त्याच्या दुप्पट होता. परिचारिकेने पहिला प्रश्न शेंदराविषयी विचारला, दुसरा काजळाविषयी आणि तिसरा भारतातून आणलेल्या हळदीविषयी. त्या प्रश्नांचा मला राग आला नाही, कारण शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड आहे आणि हळदीला रंग चढावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळल्याची उदाहरणे आपल्याकडे सापडलेली आहेत. देवघरातील शेंदराची डबी आणि काजळ मी त्याच संध्याकाळी घराबाहेर काढले. परंतु तपासनीस घरी आला आणि खरे कारण खिडक्यांत सापडले.

आम्ही राहतो तसल्या घरांना इकडे थ्री-डेकर म्हणतात. लाकडी, तीन मजली, एकावर एक तीन बिऱ्हाडे असलेली ही घरे शंभरेक वर्षांपूर्वी मुख्यतः गिरणी कामगारांसाठी बांधली गेली. तपासनीसाने खिडकीच्या चौकटीवर सुरीने एक बारीक खाच पाडली, तेव्हा रंगाचे थर झाडाच्या खोडातील वलयांसारखे उघडे पडले: वर पांढरा, त्याखाली पिवळट, त्याखाली हिरवा आणि अगदी तळाशी पुन्हा पांढरा. त्या खाचेवर त्याने सोडियम सल्फाइडचा एक थेंब सोडला आणि खालचे दोन थर आमच्या डोळ्यांदेखत काळे झाले, म्हणजे त्यांत शिसे होते. वर-खाली सरकणारी खिडकी दर वेळी चौकटीला घासते, त्या घर्षणाने जुन्या रंगाची पूड होते, ती खिडकीच्या कठड्यावर साचते आणि उभे राहायला शिकणारे मूल नेमका तोच कठडा धरते. पाळणा ठेवण्यापूर्वी खिडकी स्वच्छ दिसावी म्हणून तिचे सुटलेले पोपडे आम्हीच पॉलिश पेपरने कोरडे घासून काढले होते. ती धूळ आम्ही स्वतःच्या हाताने घरभर पसरवली, ही गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

घरांसाठी शिसेयुक्त रंग वापरण्यास अमेरिकेत १९७८ साली बंदी आली. त्याच्या पुढच्याच वर्षी बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी याच राज्यातील चेल्सी आणि सॉमरव्हिल येथील मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासून, शिशाची लक्षणे दिसत नसतानाही मुलांच्या बुद्धीवर आणि वर्गातील वागणुकीवर त्याचा परिणाम होतो, हे दाखवून दिले. आपल्याकडे घरगुती रंगांसाठी दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तिकडे जुन्या वाड्यांची दारे-खिडक्या खरवडून पुन्हा रंगवणाऱ्यांनीही त्यापूर्वीच्या थरांचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालील मूल राहत असेल, तर शिशाचा धोका दूर करण्याची जबाबदारी मालकाची असते आणि त्या कारणास्तव लहान मुले असलेल्या कुटुंबाला घर नाकारणे बेकायदा आहे. आमच्या घरमालकीणबाई तळमजल्यावर एकट्या राहतात, वय पंचाहत्तरीच्या पुढे आणि उत्पन्न पतीच्या निवृत्तिवेतनाचे. अहवाल हातात घेऊन त्या वर आल्या, आमच्या स्वयंपाकघरात बसल्या आणि त्यांनी एवढेच विचारले की हे माझ्या घरामुळे झाले का. तिन्ही मजल्यांच्या कामाचा अंदाज काही दहा हजार डॉलरांच्या घरात जात होता. या कामासाठी मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचा अर्ज मी भरून देते, असे मी त्यांना त्या दिवशी कबूल केले.

हा पैसा मूळचा अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याचा. १९९२ च्या कायद्यानंतर ते खाते राज्ये, परगणे आणि शहरे यांना शिसे निवारणासाठी अनुदान देत आले आहे. घरमालकाने खात्याकडे अर्ज करायचा नसतो; ज्या शहराला किंवा राज्याला तो निधी मिळालेला असतो, त्याच्या कार्यालयात करायचा असतो. ही साधी गोष्ट समजायला मला दोन आठवडे लागले. भाड्याच्या घरासाठी साधारण अट अशी आहे की निम्म्या तरी बिऱ्हाडांचे उत्पन्न त्या भागातील मध्यम उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत असावे, उरलेल्यांचे ८० टक्क्यांच्या आत, आणि काम झाल्यावर किमान तीन वर्षे मालकाने घर देताना सहा वर्षांखालील मुले असलेल्या कुटुंबांना प्राधान्य द्यावे. त्यामुळे एका घरमालकीणबाईंच्या अर्जासाठी तीन बिऱ्हाडांची प्राप्तिकर विवरणपत्रे आणि पगाराच्या पावत्या लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाला आपली मिळकत मालकीणबाईंना दाखवायची नव्हती, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. शेवटी त्यांनी आपली कागदपत्रे बंद पाकिटात परस्पर कार्यालयात नेऊन दिली. घराचे खरेदीखत, मालमत्ताकराची पावती, विम्याचा कागद, मुलाचा जन्मदाखला आणि रक्ताचा अहवाल एवढे जोडूनही आमचा पहिला अर्ज परत आला, कारण विम्याची मुदत मधल्या काळात संपली होती आणि नवा कागद जोडलेला नव्हता. कार्यालयाने ती त्रुटी कळवायला पाच आठवडे घेतले. पाच आठवडे रांगत्या मुलाच्या दृष्टीने फार असतात, हे मी त्यांना लिहून कळवले.

मालकीणबाईंची खरी अडचण वेगळीच होती. आमच्या कार्यक्रमात हा पैसा माफ होणाऱ्या कर्जाच्या रूपात मिळतो, म्हणजे ठरावीक वर्षे अटी पाळल्या की ते फिटल्याचे धरले जाते आणि तोपर्यंत घरावर बोजा राहतो. बोजा हा शब्द ऐकताच त्यांनी पेन खाली ठेवले. सातबाऱ्यावर चढलेला बोजा उतरवण्यासाठी माझ्या आजोबांनी घातलेले खेटे मी पाहिलेले असल्यामुळे त्यांची भीती मला समजावून घ्यावी लागली नाही. आम्ही करारनामा ओळीओळीने वाचला. घर न विकता त्यात राहायचे आणि बिऱ्हाडे रास्त भाड्याने द्यायची, याहून त्यात त्यांच्याकडून काही मागितलेले नव्हते. सही त्यांनी तिसऱ्या दिवशी केली. ज्यांचे उत्पन्न अनुदानाच्या मर्यादेत बसत नाही, त्यांनी राज्याची बिनव्याजी कर्जयोजना अवश्य पाहावी. स्वतःच्या घरात राहणाऱ्या पात्र मालकांना त्यात घर विकेपर्यंत किंवा कर्जाची फेररचना करेपर्यंत हप्ता नसतो. शिवाय संपूर्ण शिसेनिवारणासाठी प्रत्येक बिऱ्हाडामागे ३,००० डॉलरपर्यंत राज्य प्राप्तिकरात सूट मिळते.

मंजुरीपूर्वी कामाला हात लावू नये, हे मात्र मला ठासून सांगायचे आहे. मालकीणबाईंच्या भाच्याने मदत म्हणून पुढच्या ओसरीचा कठडा खरवडायला घेतला होता. मी त्याला थांबवले. आधीच सुरू केलेल्या कामाचे पैसे कार्यक्रम देत नाही, आणि परवाना नसलेल्या माणसाने कोरडा रंग खरवडला तर अंगणातील मातीतही शिसे जाते. शिवाय केंद्राचा पैसा असल्यामुळे पर्यावरणाची आणि घर पन्नास वर्षांहून जुने असल्यास ऐतिहासिक वारशाची तपासणी आधी व्हावी लागते. त्यात दीड महिना गेला. त्या काळात मी रोज ओल्या फडक्याने कठडे पुसत होते, फडके लगेच टाकून देत होते, आणि मुलाला नाचणीचे सत्त्व न चुकता देत होते, कारण शरीरात कॅल्शियम आणि लोह कमी असले की शिसे जास्त शोषले जाते.

प्रत्यक्ष काम नऊ दिवसांचे झाले. ठेकेदार कार्यालयानेच निविदा मागवून नेमला आणि पैसेही त्यालाच परस्पर दिले. आमची राहण्याची सोय अनुदानातून झाली. जुन्या खिडक्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून खाली उतरवल्या गेल्या, दारांच्या चौकटी पाच फूट उंचीपर्यंत साफ झाल्या, आणि मग जमिनीवरून व कठड्यांवरून ओल्या पुसणीने धुळीचे नमुने घेण्यात आले. पहिल्या खेपेस मागच्या खोलीच्या कठड्याचा नमुना नापास झाला. तो पुन्हा धुऊन, पुन्हा तपासून मगच आम्हाला घरात पाऊल टाकू दिले.

पूर्ण अनुपालनाचे पत्र, म्हणजे शिसेनिवारण कायद्याप्रमाणे पुरे झाल्याचा दाखला, आता मालकीणबाईंच्या खरेदीखताच्या पिशवीत आहे आणि त्याची एक प्रत आमच्याकडे. मुलाचा मागच्या महिन्याचा आकडा ४ आला. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना सातवा महिना लागला आहे, आणि त्यांनी परवा माझ्याकडून त्या पत्राची प्रत मागून नेली.