धाकट्याची वही

आमच्याकडे लेकरू वेळेवर बोलायला लागलं नाही की आधी वेखंड उगाळून चाटवतात. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते केलंच. परभणीला तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात चादर चढवून झाली, औंढा नागनाथाला अभिषेक झाला. “याचा चुलता बी पाच वर्षांचा होईस्तोर बोलला नव्हता, आता कुणाला बोलू देतो का बघ,” हे तर रोजचंच. धाकटा तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे हे कळायला अजून वेळ होता. मोठी पोरगी या वयात घरभर बडबड करायची, त्यामुळे माझ्या मनात पाल चुकचुकत होती. दवाखान्यात विचारलं की उत्तर ठरलेलं, मुलगे जरा उशिराच बोलतात.

नीट विचारपूस पहिल्यांदा झाली ती अंगणवाडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झालाय, पण पथक येतं त्या दिवशी लेकरू शेतात नाहीतर मामाच्या गावी असतं, म्हणून बऱ्याच जणींना त्याचा पत्ताच नसतो. पथकातल्या डॉक्टर मॅडमनी धाकट्याला हाक मारली. पुन्हा मारली. मग मला विचारलं, “ताई, याला काही हवं असलं की हा बोट दाखवतो का?”

मी म्हटलं, बोट नाही दाखवत, माझं मनगट धरतो आणि नेऊन फ्रिजच्या दांड्यावर ठेवतो.

“तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघतो?”

याचं उत्तर मला देता येईना. मी शिवणकाम करते, दिवसभर फॉल-पिको चालू असतो आणि हा माझ्या मशीनच्या चाकाजवळ डोकं तिरकं करून बसलेला असतो. चाक थांबलं की माझा हात धरून परत चाकावर ठेवतो. इतके महिने तो हात धरत होता, पण धरताना बघतो कुठं, हे मी बघितलं नव्हतं. मॅडमनी जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, घरी जाऊन एक वही घाला. काय करतो, कधी करतो, किती वेळा करतो, एवढंच लिहा.

पुढच्या सगळ्या धावपळीत मला सर्वांत जास्त कामाला आली ती ही शंभर पानी वही. ज्या टेबलासमोर जाल तिथं आई-बापालाच विचारतात, आणि “बोलत नाही, ऐकत नाही, हट्टी आहे” या उत्तराचा कुणाला काही उपयोग नसतो.

मधल्या काळात एका मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडेही गेलो. नंबर लागायला अर्धा दिवस गेला, आत पाच मिनिटं मिळाली. मोबाइल बंद करा, आपोआप बोलेल. आम्ही मोबाइल बंद केला, लेकरू रात्री लवकर झोपायला लागलं हेही खरं, पण शब्द काही आला नाही. आणि घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघून जायचा. ऑटिझम हा मेंदूच्या वाढीतला जन्मजात फरक आहे, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आईच्या लाडामुळे किंवा दुर्लक्षामुळे तो होत नाही, हे मला पुढे समजावून सांगितलं गेलं. ते सगळ्यांदेखत, आत्याबाई सोबत असताना सांगितलं, त्याचा फायदा जास्त झाला.

सांगितलं ते सिकंदराबादला. आमच्या भागातून तिकडे जाणारे पुष्कळ आहेत. निजामाच्या काळापासूनची रेल्वे आहे, सरळ गाडी मिळते आणि हिंदी चालते. तिथे मनोविकास नगरमध्ये बौद्धिक दिव्यांगजनांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, १९८४ पासूनची. आधी कानाची तपासणी करून या म्हणाले. हाक मारल्यावर न बघणारं लेकरू बहिरं आहे का, हे आधी बघावंच लागतं. ‘बेरा’ नावाच्या या तपासणीत डोक्याला तारा चिकटवून कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतो का ते बघतात. लेकरू गाढ झोपलेलं लागतं. झोपेचं औषध देतात, पण ते लागू पडावं म्हणून आदल्या रात्री जागं ठेवा असं सांगतात. लॉजच्या खोलीत यांनी आणि मी आळीपाळीनं त्याला जागवलं. पंख्याचं बटण चालू-बंद करायचं, तो हसायचा, परत डोळे मिटायचे, परत बटण. सकाळी तपासणीच्या टेबलावर मात्र तारा लावेपर्यंत साहेब टक्क जागे. शेवटी मी मांडी घालून बसले आणि मशीनच्या चाकासारखा त्याचा पाय हळूहळू फिरवत राहिले, तेव्हा कुठं झोपला. कान उत्तम निघाले.

मग संस्थेतल्या तपासणाऱ्या बाईंनी फॉर्म काढला. भारतात ऑटिझम मोजायला ‘इसा’ नावाची मोजपट्टी वापरतात, ती याच संस्थेत तयार झाली. चाळीस मुद्दे असतात. नजर आणि माणसांशी नातं, भावना, बोलणं, वागण्यातली पुनरावृत्ती, आवाज-स्पर्श-वास सहन होणं, लक्ष देणं असे सहा भाग. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण, आणि ते द्यायचे वारंवारतेवर. क्वचित असेल तर १, जवळजवळ नेहमीच असेल तर ५. बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. बाई मुलाचं निरीक्षण करत होत्या आणि मला विचारत होत्या, “कितनी बार? दस बार में कितनी बार?” मी वही उघडली. हाकेला वळणं, एवढ्या हाकांत एवढ्यांदा. एकच वाक्य घोकणं, रोज, संध्याकाळी जास्त. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून मोरीत जाणं, दर वेळी. बाईंनी वही हातात घेऊन दोन-चार पानं वाचली. बेरीज मध्यम गटात गेली.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार पटली. धाकटा इंग्रजी बडबडगीतं आणि जाहिरातीतली वाक्यं धडाधड म्हणायचा, पण “पाणी” म्हणत नव्हता. एका ओळखीच्या मास्तरांनी सल्ला दिला होता, आता घरात इंग्रजीच बोला. बाई म्हणाल्या, घरात जी भाषा चालते तीच बोला, त्याच्या अवतीभवती सगळे मराठीच बोलणार आहेत. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं हीसुद्धा बोलण्याच्या वाटेवरची पायरी असू शकते, तेव्हा त्यालाच अर्थ जोडत जा.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं सांगते, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. १९९५ च्या जुन्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते आणि ऑटिझम त्यात नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यात तो स्पष्ट लिहिलाय. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. आधार, फोटो, पत्ता, जवळचं रुग्णालय निवडायचं. केंद्रावरच्या पोरानं आमचा अर्ज भरताना सरळ बौद्धिक दिव्यांगत्वावर क्लिक केलं होतं. “ताई, समदे हेच टाकतेत, लवकर होतंय.” हे अडून बसले आणि यादीतला स्वमग्नतेचा पर्याय निवडायला लावला. प्रकारच चुकला की रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर तपासणीही भलतीच होते. हा स्क्रीन स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय उठू नका.

बोर्डाच्या दिवशी गर्दी अशी की विचारू नका. काठ्या, चाकाच्या खुर्च्या, म्हातारी माणसं, आणि नाव पुकारणारा लाउडस्पीकर. धाकटा बाकड्याखाली घुसला तो निघेना. एक आजोबा म्हणाले, “दोन ठिवून द्या, सरळ होतंय.” यांचा चेहरा लाल झाला होता, मीच आजोबांना म्हटलं, बाबा, त्याला आवाज सोसत नाही, तुम्हाला गुडघा सोसत नाही तसंच. आजोबांनी पाय आखडून त्याला जागा करून दिली. आत गेल्यावर एक डॉक्टर म्हणाले, हा तर दिसायला चांगला आहे. ऑटिझम चेहऱ्यावर दिसत नाही, हे मला त्या खोलीत सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मात्र नीट बसले, परत तोच फॉर्म, परत “किती वेळा?” माझ्याकडे वही होती, आणि मोबाइलवर त्याचे घरातले छोटे व्हिडिओ होते. नवख्या खोलीत लेकरू एकतर दगडासारखं बसतं नाहीतर अंगात आल्यासारखं करतं, त्यातलं कुठलंच त्याचं रोजचं वागणं नसतं. व्हिडिओ न्याच.

चाळीस टक्के किंवा त्याच्या वर दिव्यांगत्व असलं तर बहुतेक सवलती लागू होतात. आमचं दिव्यांग कार्ड आलं तेव्हा मामंजींनी चष्मा लावून टक्के वाचले आणि म्हणाले, “फर्स्ट क्लास आलाय की.” घरात कुणी हसलं नाही, मग मी हसले, मग सगळेच. लहान मुलाचं प्रमाणपत्र ठराविक मुदतीचं असतं, पुढे पुन्हा तपासणी होते, ती तारीख मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवलीय. एसटीला तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते, आम्हाला फिरावं लागतं तेव्हा ती फार जाणवते. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजनाही घेतली. वर्षाला एक लाखापर्यंतचं कवच, थेरपीचा खर्चही मर्यादेत मिळतो, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. पैसे नंतर मिळतात, म्हणून प्रत्येक पावती जपायची, आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं.

थेरपी आमच्या तालुक्याला नाहीच. परभणीला आठवड्यातून एकदा जमायचं, तेही कापूस वेचणीच्या दिवसांत बुडायचं. म्हणून घरच लावून घेतलं. रोजच्या कामांचे फोटो काढून प्रिंट केले, लॅमिनेट केले, स्वयंपाकघराच्या दाराजवळ दोरीला चिमट्यांनी लावले. उठणं, संडास, अंघोळ, चहा, अंगणवाडी. झालं की तो चिमटा काढून फोटो खालच्या डब्यात टाकतो. पुढे काय होणार हे दिसलं की त्याचं रडणं निम्म्यावर आलं. पण लाइट गेली की सगळं मुसळ केरात. पंखा थांबला की हा भिंतीवर डोकं आपटायचा, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल हे महावितरणलाही ठाऊक नसतं. मोठीनं डोकं लढवलं. थांबलेल्या पंख्याचा फोटो काढला, आणि सोबत हातपंख्याचा. लाइट गेली की आम्ही पहिला फोटो दाखवायचो, मग दुसरा, मग आत्याबाई हातपंखा हलवत बसायच्या. कितीतरी दिवस ढिम्म परिणाम नाही. एका दुपारी मी मशीनवर होते, लाइट गेली, आणि धाकटा हातपंख्याचा फोटो घेऊन आत्याबाईंच्या मांडीवर ठेवून आला. आत्याबाईंच्या तोंडाकडे बघितलं. मी वहीत वेळ लिहिली.

शाळेचं आमचं नशीब बरं निघालं, पण ते दुसऱ्या शाळेत. पहिल्या इंग्रजी शाळेनं आमच्याकडे विशेष शिक्षक नाहीत म्हणून गोड बोलून वाटेला लावलं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं त्यात स्पष्टपणे आली, आणि २०१६ च्या कायद्यानं चाळीस टक्के आणि वर दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण भांडून मिळवलेल्या वर्गात लेकराला कुठल्या कोपऱ्यात बसवतील, याचा भरवसा काय? आम्ही गल्लीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. तिथल्या मॅडमनी कागद मागितलेच नाहीत, आधी विचारलं, “जेवतो काय?”

जेवणाचीच तर मोठी गोम होती. धाकटा पिवळं काही खात नाही. ज्वारीची भाकरी खातो, पण वरचा पापुद्रा सुटलेला आणि कोरडा लागतो, वरणाचा थेंब लागला की ताट ढकलतो. शाळेत रोज खिचडी, पिवळीधमक. मॅडमनी त्याला घरचा डबा आणायला परवानगी दिली, मात्र बसायचं सगळ्यांच्या पंगतीत. आधी खिचडीच्या वासानं उठून जायचा. मग वऱ्हांड्याच्या टोकाला बसायला लागला. दिवाळीनंतर पंगतीत आला. गट साधन केंद्रातून समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक अधूनमधून येतात, त्यांनी पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की त्याला कुठं बसवायचं ते मॅडमसोबत ठरवून दिलं. आता तिसरीत आहे. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, बेरीज वर्गात सगळ्यांच्या आधी करतो, मित्र म्हणावा असा एकच आहे, तोही कमी बोलणारा.

यंदा मॅडमची बदली झाली. जूनमध्ये नव्या मॅडम येणार कळल्यावर मी वहीतून एक पान काढलं. हाक मारल्यावर थोडं थांबा, उत्तर उशिरा येतं. कान दाबले तर रागवू नका, व्हरांड्यात जाऊ द्या. काम बदलायचं असेल तर आधी सांगा, फळ्यावर लिहिलं तर उत्तम. पाठीवर थाप मारू नका, हातात हात दिलेला चालतो. पिवळं वाढू नका. नव्या मॅडमनी ते उभ्यानंच वाचलं आणि म्हणाल्या, याच्या दोन झेरॉक्स आणा, एक खिचडी वाढणाऱ्या मावशींना लागेल.